दुसरं सिम

काळबांडे वकिलांच्या फोनवर
रिंगच्या जागी आरती लागते.
आता मला ती तोंडपाठ आहे,
पहिल्या टाळेपासून
'उत्तर देत नाहीत'पर्यंत.

मार्च सरता सरता इसार दिला. एक्कावन्न हजार,
त्यातले अकरा सुमनच्या बचत गटाचे.
आर्वीच्या नव्या ले-आउटमधल्या दोन खोल्या,
एक मोरी, पत्र्याचा संडास, पेरूचं झाड.
बँकेला फक्त एक कागद पाहिजे,
तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट,
वकिलाच्या सहीशिक्क्याचा.
"आठ दिवस," म्हणाले काळबांडे,
आणि माझ्यादेखत फाइलला हिरवी नाडी बांधली.

आठाचे बावन्न झाले.
मुन्शी म्हणतो, साहेब वर्ध्याला.
मुन्शी म्हणतो, साहेब हे आत्ताच गेले.
एकदा तो 'साहेब नाहीत' म्हणत होता
अन् आतून साहेब खोकत होते.
आम्ही दोघांनीही तो खोकला ऐकला नाही.

पार्बताबाई डाखोरे, घर त्यांचं,
रोज संध्याकाळी पेरूला बादली घेऊन जातात.
"झाड तुमचंच हाय आता, मी नुसतं पानी टाकतो."
मग हळूच,
"पन बापा, एकतीस तारखेच्या पुढं नोका नेऊ.
माह्या पोरानं नागपूरचं गिऱ्हाईक पायलं हाय."

सुमन म्हणते, कंपनीच्या सिमवरून काहून नाही लावत?
त्याच्यावर तं पहिल्या रिंगला उचलीन तो.
खरं आहे. मी लाइनमन.
अर्ध्या तालुक्याच्या फोनात माझं नाव
'लाइनवाले भाऊ' एवढंच.
म्हटलं, ते सिम लोकांच्या अंधारासाठी आहे,
आपल्या घरासाठी नाही.
बोलायला बरं वाटलं.
आतली गोष्ट अशी की तिकडून उचलला असता,
तर मग हे नक्कीच झालं असतं
की इतके दिवस त्यांचा फोन बिघडलेला नव्हता.

सत्तावीस मे. रात्री पावणेअकरा.
कंपनीचा फोन वाजला.
"लाइनवाले भाऊ, लाइन गेली हो.
कूलर बंद. आईचा जीव घाबरा होऊन राहिला."
आणि मग तोच खोकला.

खोटं कशाला बोलू. गाडीला किक मारताना
ओठांवर आलं होतं, साहेब वर्ध्याला.
आलं होतं, आठ दिवस.

डीओ पाडला, खांबावर चढलो.
जंपर जळाला होता.
खाली ते टॉर्च धरून, बनियनवर,
ओल्या दुपट्ट्यानं मान पुसत.
काळ्या कोटाविना बारीकच माणूस.
जंपर बांधला. खाली येऊन डीओ चढवला
अन् समोरच्या खिडकीत एकदम उजेड:
कूलर, टेबल, फायलींची चवड,
चवडीवर म्हातारीच्या औषधाच्या बाटल्या,
आणि खालून तिसरी, हिरवी नाडी.

"किती द्यायचे?" खिसा नव्हता तरी
हात खिशाच्या जागी गेला त्यांचा.
"काही नाही साहेब.
खालून तिसरी फाइल.
डाखोरे. प्लॉट नंबर नऊ."

लाइन आली तरी टॉर्च चालूच राहिली.
"म्हणजे ते... तुम्ही?"
आतून म्हातारी म्हणाली,
"बापू, चा ठेव त्या मानसाले."

चहा झाला. सही झाली नाही.
"डाखोऱ्यांची एक बहीण सुटली आहे फेरफारात.
हक्कसोड नाही तिची. महिना झाला,
तुम्हाला कसं सांगावं म्हणून मी..."
वाक्य तिथंच लोंबत ठेवलं त्यांनी.
लोंबत्या तारेला मी हात लावत नाही,
सवय आहे.

ऑफिसात येऊन रजिस्टर भरलं.
तक्रार: लाइन नाही. निवारण: झाले. वेळ: ११.५०.
आणि रकान्याबाहेर, पेन्सिलीनं,
बहिणीचं नाव, अनसूया. गाव तिवसा.

घरी सुमन जागीच होती.
म्हटलं, पहिली एसटी सव्वापाचला आहे,
तू पण चल. बाईमाणूस सोबत असलेलं बरं.
ती उठली, डब्यासाठी कणीक मळायला बसली.